शेवटच्या पानापासून वाचणारे दाजी परब

दाजी परब कुठलाही कागद शेवटच्या पानापासून वाचतात. विम्याच्या पॉलिसीचं सोडाच, लग्नाची पत्रिका हातात दिली तरी आधी खालचा कोपरा बघतात. तिथे छापखान्याचं नाव असतं. तिथून वर सरकत सरकत सगळ्यात शेवटी गणपतीपाशी पोचतात. एकदा मी विचारलं, "दाजीनू, ह्या असा उलटा कित्याक?" तर हातातलं भिंग माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "पयल्या पानार काय गावतला ता लिवलला आसता. शेवटच्या पानार काय गावचा नाय ता. शाण्या माणसान आधी खंयचा बघूचा?"

म्हणजे काय मिळेल ते पुढे, काय मिळणार नाही ते मागे. दाजींच्या प्रश्नांना सहसा उत्तर नसतं, आणि असलंच तर ते दाजींना आधीपासून ठाऊक असतं.

माझं मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात, एस.टी.च्या थांब्यासमोर, औषधांचं दुकान आहे. दुकानाबाहेर एक बाकडं आहे. ते मी गिऱ्हाइकांना बसायला म्हणून करून घेतलं, पण गेली कित्येक वर्षं त्यावर दाजी बसतात. सकाळी दहाला येतात, छत्री खांबाला टांगतात, कापडी पिशवीतून भिंग काढतात. भिंगाची मूठ कधीतरी तुटली, तिला वायरमनची काळी पट्टी गुंडाळलेली आहे. मग जो कोणी कागद घेऊन येईल त्याचा कागद वाचतात. विम्याचा फॉर्म, इस्पितळाचं संमतिपत्र, डिस्चार्ज कार्ड, कंपनीचं नकाराचं पत्र, काहीही. एक पैसा घेत नाहीत. चहा पाजला तर पितात, तोही बिनसाखरेचा, आणि "माका साखरेचा दुखणा नाय, पण फॉर्मात 'नाय' लिवलंय तेचो मान ठेवूक होयो" असं वर ऐकवतात.

नोकरीला ते वेंगुर्ल्याला एका मोठ्या रोपवाटिकेत होते. काम एकच. आंब्याकाजूच्या कलमांना बांधायच्या पत्र्याच्या चिमुकल्या पट्ट्यांवर रोपाचं नाव आणि नंबर लिहायचा. जन्मभर त्यांनी तांदळाएवढी अक्षरं लिहिली. म्हणून बारीक अक्षराला सगळं जग घाबरतं तसे दाजी घाबरत नाहीत. उलट मोठ्या अक्षरांवर त्यांचा विश्वास नाही.

"लेबल चुकला तर कोणाक कळता?" ते सांगतात. "कोणाक नाय. रोप वाडता, पाना फुटतत, मालक खूश. सात वर्सांनी फळ धरता तेव्हा कळता, हापूस म्हणान लावल्लो तो रायवळ. तवसर लेबल लिवणारो रिटायर. विम्याच्या फॉर्माचा तसाच आसा. चूक आज करूची, कळतली आजारी पडल्यार."

मी स्वतः डी. फार्म. झालेला माणूस. भिंतीवर माझं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं आहे. एकदा एका बाईंना मी वेटिंग पिरियड म्हणजे काय ते समजावत होतो. चांगली पाच मिनिटं समजावत होतो. बाईंचा चेहरा कोराच. शेवटी बाकड्यावरून दाजी म्हणाले, "गो, काजीचा कलम लावल्यार पयल्याच वर्सा बियो मागतंस?"

"नाय."

"मगे मोतीबिंदूक पण दोन वर्सा थांब."

बाई समाधानाने निघून गेल्या. माझ्याकडून घ्यायचं खोकल्याचं औषध मात्र विसरल्या. दाजींमुळे माझं असं गिऱ्हाईक बरंच गेलं आहे. तक्रार करायची सोय नाही, कारण लोक येतात तेही त्यांच्याचकडे.

खोलीभाड्याची मर्यादा हा भल्याभल्यांना न कळणारा विषय. पॉलिसीत अमुक दर्जाच्या खोलीपुरतं भाडं मंजूर असतं. माणूस त्याहून वरची खोली घेतो आणि मग कंपनी नुसतं भाडंच नव्हे, डॉक्टरांच्या फीपासून सगळ्यातच त्या हिशोबाने कात्री लावते. दाजी ते असं सांगतात: "एसीच्या खोलीत निजतलंस तू, आनी थंडी भरतली घरच्यांका." आणि कॅशलेसबद्दल एकच वाक्य: "कॅशलेस म्हणजे फुकट न्हय. कॅशलेस म्हणजे आधी इचारून."

आमच्या बाजारात पास्कूची बेकरी आहे. पास्कूने मोठ्या हौसेने पॉलिसी घेतली आणि दाजींना दाखवायला आणली. बरोबर त्याची बायको फिलोमेना होती. दाजींनी शेवटून सुरुवात केली, वर वर आले आणि प्रश्नावलीपाशी थांबले. एजंटाने घाईत सगळ्या चौकटींत वरपासून खालपर्यंत 'नाही' लिहून टाकलं होतं. मधुमेह: नाही. रक्तदाब: नाही. आधीची शस्त्रक्रिया: नाही. दाजींनी भिंगातून पास्कूकडे पाहिलं. सात वर्षं पास्कू माझ्याकडूनच साखरेच्या गोळ्या नेतो. मी दुसरीकडे पाहायला लागलो.

"विवाहित," दाजींनी पुढची चौकट वाचली, "नाही."

फिलोमेनाने पदर खोचला. "मगे हांव कोण तुजी?"

बेकरीच्या पावापेक्षा पास्कू लवकर फुगतो, पण त्या दिवशी तो पार बसला. दाजींनी त्याच बाकड्यावर बसवून त्याच्याकडून कंपनीला खरंखुरं पत्र लिहून घेतलं. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, बायको आहे. हप्ता वाढला तेव्हा पास्कू महिनाभर दाजींशी बोलला नाही. पुढे त्याच्या पायाचं ऑपरेशन झालं, कंपनीने मधुमेहाबद्दल खोदून खोदून विचारलं, आणि उत्तर त्यांच्याच फाइलीत सापडलं. तेव्हापासून दाजींच्या चहाबरोबर बेकरीतली दोन बटरं येतात.

पण दाजींचं खरं वेड म्हणजे नॉमिनी. आपल्या मागे कोणाच्या हातात काय जायचं, ते नाव कागदावर बरोबर पाहिजे. माणूस भेटला की लोक "बरो मरे?" विचारतात, दाजी विचारतात, "नॉमिनी बदललंस?" बारशाला विचारतात, बाराव्याला विचारतात. तारकर्लीला एका लग्नात तर स्टेजवर चढले, नवऱ्या मुलाच्या हातात पाकीट दिलं आणि नवरीकडे बोट दाखवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झिला, आता आवशीचा नाव काढ, हिचा घाल. आजच होया असा नाय, उद्या चलात." शेजारीच नवऱ्याची आई उभी होती. तिचा तो चेहरा फोटोत आला आहे. त्या दिवशी दाजींच्या वाटीत सोलकढी आलीच नाही.

दुसरं त्यांचं पालुपद, "व्याख्या बघ." शब्दाला आपल्या मनातला अर्थ लावायचा नाही, पॉलिसीत त्या शब्दाची व्याख्या दिलेली असते ती बघायची. अपघात म्हणजे काय, इस्पितळ म्हणजे काय, कुटुंब म्हणजे काय, सगळं ठरलेलं. "कुटुंब म्हणजे सवता, जोडीदार, पोरा, आवस-बापूस. शेजारी ह्या व्याख्येत बसना नाय." हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत की बाजारातली पोरंटोरं चाल लावून म्हणायची.

जत्रेला देवळात गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, हय जमलेल्या सगळ्या लेकरांची जी काय इडापिडा आसात ती दूर कर," आणि सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाणं संपलं, नारळ फुटला, आणि दाजी गुरवाच्या मागे लागले. "'सगळी लेकरा' म्हणजे कोण? 'इडापिडा'ची व्याख्या खंय आसा? दूर म्हणजे कितक्या?"

गुरव माझ्याहून शहाणा. तो शांतपणे म्हणाला, "दाजीनू, देवाक क्लेम नाकारूची सवय नाय."

एरवी दाजींना गप्प करणं कोणाला जमत नाही. त्या दिवशी मात्र ते देवळाच्या पायऱ्या उतरून गेले. मला वाटलं, चला, एकदा तरी जिरली. मी मनातल्या मनात गुरवाला शाबासकी दिली. माणूस किती मूर्ख असू शकतो याचा अंदाज मला माझ्यावरूनच येतो.

तीन वर्षांपूर्वी श्रावण सरता सरता माझ्या आईला ताप आला. पायाला चीर पडलेली असताना ती मळ्यात भातातलं तण बेणायला उतरली होती. मी डी. फार्म. झालेला माणूस, दोन दिवस तिला तापाच्या गोळ्या देत बसलो. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा माझं सर्टिफिकेट भिंतीवर राहिलं आणि मी तिला घेऊन कुडाळला एका इस्पितळात धावलो. लेप्टो निघाला. चिखलातून, उंदराच्या मुतातून येणारा हा ताप आमच्याकडे पावसात दरवर्षी माणसं नेतो.

इस्पितळात चार रात्री काढल्यावर ताप उतरला. आई उठून बसली, पेज प्यायली आणि लगेच हुकूम सोडायला लागली. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, परवावर आली होती.

"माका घरी व्हर. माटवी कोण बांधतलो? तुज्या बायलेक कवंडाळ आनी वांगा ह्येतलो फरक कळना नाय."

गणपतीच्या डोक्यावरची ती लाकडी माटवी, तिला बांधायची कवंडाळासारखी रानफळं, तेरडा, आंब्याचे टाळे, ही गेली चाळीस वर्षं आईची मक्तेदारी. आई इस्पितळात आणि गणपती घरी, ही कल्पनाच आमच्या घरात कोणाला करवत नव्हती. मलाही नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शुद्ध बोलायच्या. म्हणाल्या, "ताप उतरलाय, पण लघवी कमी होतेय. मूत्रपिंडाचे रिपोर्ट अजून सुधारलेले नाहीत. निदान चार दिवस तरी ठेवायला हवं." मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडे चवथ आहे." त्यांनी एक सुस्कारा सोडला, मला वाटतं त्या दिवसातला दहावा असावा, आणि टेबलाच्या खणातून एक कागद काढून दिला. "मग यावर सही करून न्या."

कागद इंग्रजी. वर ठळक अक्षरात डिस्चार्ज. खाली आठ-दहा ओळी. डिस्चार्ज शब्द दिसल्यावर पुढे कोण वाचतो? मी बायकोला दुकानात फोन लावला, म्हटलं, आईला घेऊन येतो, कागदावर सही करायची तेवढी राहिलीय, रिक्षा पाठव. बायको फोन स्पीकरवरच ठेवते; हे बोलणं बाकड्यावर ऐकू जात होतं, याचा मला विचार करायला हवा होता.

रिक्षाच्या आधी दाजी पोचले. कट्ट्याहून मिळाली ती एस.टी. पकडून, छत्री काखोटीला मारून, धापा टाकत वॉर्डाच्या दारात उभे.

"कागद दाखव."

मी दाखवला. त्यांनी खालून वर वाचला आणि माझ्या हातात परत दिला.

"सही केलंस?"

"आता करतंय."

"पेन खिशात घाल. ह्यो साधो डिस्चार्ज न्हय. डाक्टर नको म्हणता तरी आमी व्हरतो, असो कागद आसा. आवस शुद्धीर आसा?"

"आसा तर. सकाळपासून माका गाळी घालता."

"मगे सही तिची, तुजी न्हय. शुद्धीवरच्या माणसाच्या जिवाबद्दल दुसऱ्यान सही करूची नसता, झीलान पण नाय. आनी संमती म्हणजे समजान दिलेली कबुली. तिका ह्या समजावलंस? तुका तरी समाजला?"

वॉर्डातल्या नर्सा बघत होत्या. शेजारच्या खाटेवरचा पेशंट तर मान उंचावून बघत होता. चार रात्री मी बाकावर झोपलो होतो. माझं डोकं फिरलं.

"दाजीनू," मी म्हटलं, "तुमका बायल नाय, पोरा नाय, गणपती चुलत भावाच्या घरात. ही आमच्या घरातली गोष्ट आसा. तुमी व्याख्येत बसनात नाय."

बोललो आणि जीभ चावली. पण गेलेला शब्द काही परत येत नाही. दाजी म्हणाले, "बरोबर आसा," आणि मला ओलांडून आत आईच्या खाटेपाशी जाऊन स्टुलावर बसले.

"दाजीनू, बरे इलात," आई म्हणाली. "ह्येका सांगा, माका घरी व्हर म्हणान."

"सांगतंय वयनी. आधी कागद काय म्हणता ता आयका."

त्यांनी कागद उलगडून गुडघ्यावर धरला. भिंग पिशवीतून काढलंच नाही. आणि सावकाश, एकेक वाक्य आपल्या बोलीत करून सांगायला लागले.

"'डाक्टरांनी माका समजावन सांगला की पेशंट अजून बरो जावक नाय. आता घरी व्हरल्यार जिवाक धोको आसा. ता सगळा समजान, मी माज्या मर्जीन, डाक्टरांच्या सल्ल्याच्या विरुद्ध, पेशंटाक घरी व्हरतंय. पुढे जा काय होतला तेका डाक्टर जबाबदार नाय, इस्पितळ जबाबदार नाय. जबाबदारी माजी.'"

"आसूंदे माजी," आई म्हणाली. "व्हरा माका."

"खाली अजून आसा," दाजी म्हणाले. "'पेशंटाचा नाव, शालिनी रघुनाथ परब. वय, एकेचाळीस. सही करणारो, रघुनाथ शिवराम परब. नाता, घोव.'"

मी माझ्या हाताकडे पाहिलं. माझा कागद माझ्याच हातात होता. दाजींच्या गुडघ्यावरचा कागद दुसरा होता, चौघडीवर चिरलेला, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, पिवळा पडलेला.

दाजींची बायको शालिनी चवथीत गेली हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तापाने गेली एवढंच. कागदाचं कोणालाच माहीत नव्हतं.

"चवथ दोन दिसार होती," दाजी आईला सांगत होते. "ताप उतरल्लो. म्हणाली, माका घरी व्हरा. मी वर डिस्चार्ज वाचलंय आनी सही केलंय. माका वाटला, बरी जाली. घरी येवन तिना नारळाच्यो नेवऱ्यो तळल्यान. पाचव्या दिसा, गणपती पोचवच्या आधी..." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "इस्पितळाची चूक नाय, वयनी. सगळा लिवलला होता. बारीक अक्षरात होता, पण साफ लिवलला होता. जलमभर बारीक अक्षर लिवणारो माणूस मी. आनी तेवढाच वाचूक नाय."

आई खिडकीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं तरी तिने पुसलं नाही. "शालन दर वर्सा माज्याकडसून तेरडो न्हेय," ती म्हणाली. "माटवीक."

मग माझ्याकडे वळली. "सुहासा, तो कागद फाडून टाक." मी फाडायला लागलो तर खेकसली, "फाडतंस काय मेल्या? त्या डाक्टरणीचो आसा. तिका परत दी. आनी माटवी व्हिडिओर दाखव माका, बांधताना. कवंडाळ उजव्या अंगाक."

चवथीच्या दिवशी सकाळी दाजींनी मला घरी पिटाळलं. "गणपती तुजो आसा, पूजा तूच करूक होयी. मी बसतंय हय." पेशंटाजवळ बसणाऱ्याच्या पासावर नाते अशी चौकट होती. दाजींनी तिथे सुवाच्य अक्षरात 'शेजारी' लिहिलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, फक्त नातेवाईक चालतात." दाजी म्हणाले, "चलात. नातेवाईक म्हणजे कोण, तेची व्याख्या दाखव." मुलाने पास उलटा केला, सुलटा केला, भिंतीवरची पाटी वाचली, आत जाऊन कोणाला तरी विचारून आला. व्याख्या कुठेच नव्हती.

"नाय ना? मगे शेजारी बसता," दाजी म्हणाले आणि पास खिशात घालून वॉर्डात गेले.

आमचा गणपती अकरा दिवसांचा. आई आठव्या दिवशी घरी आली, साध्या डिस्चार्जवर, ज्यावर तिने दाजींकडून तो खालून वर वाचून घेऊनच सही केली. आल्या आल्या माटवीत चार चुका काढल्या. आज ती खणखणीत आहे आणि दाजींना नेवऱ्यांचा डबा पाठवल्याशिवाय तिची चवथ पुरी होत नाही. मी दाजींची माफी वगैरे मागितली नाही. मला ते जमत नाही. मी बाकड्यावर टाकायला एक कापसाची गादी शिवून आणली. दाजींनी ती दाबून पाहिली, "ही कित्याक?" म्हणाले, आणि बसले.

या वर्षी मला एक शंका यायला लागली होती. पास्कू नूतनीकरणाचा कागद घेऊन आला, दाजींनी भिंग लावून अपवादांची सगळी यादी धडाधड वाचून दाखवली. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. फक्त कागद उलटा धरला होता.

पास्कू गेल्यावर मी म्हटलं, "दाजीनू, दिसना नाय काय?"

"दिसता," ते म्हणाले. मग भिंग पिशवीत घालत, "ढगासारख्या दिसता."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सहा महिने हा माणूस सगळ्या गावाचे कागद पाठांतरावर वाचत होता. मालवणला ऑपरेशनची वेळ घेतली. आदल्या दिवशी दाजी आपली स्वतःची फाइल घेऊन आले. ती मी कधी पाहिली नव्हती. गादीवर बसले, फाइल माझ्या मांडीवर ठेवली. "वाच. एक पण ओळ सोडूची नाय."

कुठून वाचायचं ते सांगावं लागलं नाही. शेवटच्या पानापासून सुरुवात केली. अपवाद वाचले, मर्यादा वाचल्या, व्याख्या वाचल्या. मोतीबिंदूचा वेटिंग पिरियड कधीच संपला होता. चोवीस तास भरती व्हायची गरज नाही, तरी खर्च मंजूर. दाजी डोळे मिटून मान डोलवत होते, भजनाला बसल्यासारखे. एकेक पान उलटत सगळ्यात शेवटी मी पहिल्या पानावर आलो. तिथे नाव, पत्ता, जन्मतारीख होती. आणि त्याखाली:

नामनिर्देशित व्यक्ती: शालिनी रघुनाथ परब. नाते: पत्नी. वय: ४१.

अख्ख्या कट्ट्याचा नॉमिनी बदलायला लावणारा माणूस! लग्नाच्या स्टेजवर चढून आईचं नाव काढायला लावणारा! वर्षानुवर्षं दर वर्षी हा कागद घरी येत होता, दर वर्षी तीच ओळ छापून येत होती, आणि दाजींच्या भिंगातून ती निसटली असेल हे शक्यच नव्हतं. मी फाइल मिटली.

"झाला?" दाजींनी विचारलं.

"झाला."

एक एस.टी. आली, माणसं उतरली, एस.टी. गेली. दाजींचे डोळे मिटलेलेच होते.

"एक ओळ रवली," ते म्हणाले.

"ती तुमी वाचा," मी म्हटलं. "डोळे झाल्यार."

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या डोळ्याचंही झालं. काळा चष्मा लावून दाजी दोन महिन्यांनी बाकड्यावर आले, छत्री खांबाला टांगली आणि फाइल मागितली. मी सवयीने शेवटचं पान उघडून पुढे केली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, मिटली, आणि पहिलं पान उघडलं. भिंग पिशवीतच होतं. काळा चष्मा काढून त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं.

"बारीक आसा," ते म्हणाले. "पण साफ दिसता."

मग फाइल पिशवीत घातली, चष्मा चढवला, आणि समोरून एस.टी.तून उतरणाऱ्या माणसाला मोठ्याने हाक मारून विचारलं, "काय रे, नॉमिनी बदललंस?"

हा प्रश्न एका माणसाला विचारायचा नसतो, हे कट्ट्यात फक्त मला ठाऊक आहे.